सुंदराक्काचं एक्स्चेंज

फोन उचलल्यावर सुंदराक्का कधीच ‘हॅलो’ म्हणाली नाही. ती म्हणायची, ‘तंजावूर.’ पलीकडे बँकेतली मुलगी असो, गॅस सिलिंडरवाला असो, नाहीतर बंगळुरूहून बोलणारा तिचा स्वतःचा मुलगा असो, आधी ‘तंजावूर’, मग दोन क्षण शांतता, मग काय ते बोलणं. नवख्या माणसाला वाटायचं, आपण चुकून सबंध गावालाच फोन लावला. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरीची सगळी वर्षं तिने फोन असाच उचलला होता. निवृत्त झाल्यावर गाव दुसऱ्या कुणाच्या ताब्यात दिल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं, म्हणून ती ते सांभाळतच राहिली.

आमची घरं समोरासमोर. मी लहानपणापासून तिला अक्का म्हणत आलो. ती मला एरवी वासू म्हणायची आणि टोमणा मारायचा असला की ‘प्रोफेसर’. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे, एवढाच माझा त्या पदवीशी संबंध. आमची गल्ली तंजावूरच्या मराठ्यांची. आमचे सगळ्यांचेच पूर्वज राजाबरोबर आले, असं आम्ही सगळेच सांगतो. इतकी माणसं बरोबर घेतल्यावर त्या राजाला घोड्यांसाठी जागा कशी उरली, हे मला अजून उलगडलेलं नाही. घरात आम्ही बोलतो ते मराठी जुन्या वळणाचं, वर तमिळची फोडणी घातलेलं. देवनागरी वाचणारे आता फारसे उरले नाहीत. माझ्याकडे पुण्याहून एखादा दिवाळी अंक यायचा, तो मी अक्काला वाचून दाखवायचो. ती मान डावीकडे कलती करून ऐकायची. डावा कान तिचा कामाचा कान, हेडफोनचा. एकदा एक सबंध कथा संपल्यावर म्हणाली, ‘सगळं कळतं की. पण ही माणसं आपल्या घरांत असूनु रेडिओवर असल्यासारखी कसाला बोलतात?’

अंगाने ती बारीक, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या, पायात आवाज न करणाऱ्या चपला. चालत आली तर कळायचं नाही, बोलली तर चार घरांपलीकडे कळायचं. तिने महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. तिचा महाराष्ट्र म्हणजे मुंबईच्या एक्स्चेंजमधली नलिनी नावाची ऑपरेटर. मद्रासमार्गे मुंबईचा कॉल लागला आणि लाइन रिकामी होईपर्यंत थोडी उसंत मिळाली की या दोघी एकमेकींशी मराठी बोलायच्या. एकमेकींना कधीच पाहिलं नाही. नलिनीच्या घरी काय शिजतं, तिची सासू काय बोलते, तिथे गणपती किती दिवस ठेवतात, हे सगळं अक्काला ठाऊक होतं. मुंबईबद्दल कुणी काही सांगायला लागलं की ती मध्येच तोडायची, ‘तसं नाहीं. नलिनी सांगायची…’ आणि विषय मिटायचा.

तिचे यजमान लवकर गेले. मुलगा मुरली बंगळुरूला हिशेबतपासनीस. स्वभावाने गरीब, आईवर जीव असणारा, आणि त्यामुळेच आईला छळणारा. दर दसऱ्याला तो यायचा आणि जाताना तिला घेऊन जायची भाषा करायचा. तू एकटी आहेस, पडलीस तर कोण बघणार, आणि मुख्य म्हणजे तुला इथे दिवसभर काम काय आहे? पहिल्या दोन प्रश्नांना अक्का भीक घालत नसे. तिसरा मात्र तिला लागायचा. काम नाही हे तिला कुणीही म्हणू नये असं वाटे, पोटच्या मुलाने तर नाहीच.

कारण काम तिने शोधून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर ती बसस्टँडजवळच्या एका शेअरदलालाच्या ऑफिसात जाऊन बसायची. तिथे मोठ्या पडद्यावर भाव धावायचे आणि समोर निवृत्त पुरुषांची रांग खुर्च्यांवर बसून ते पाहायची, दुपारच्या सिनेमासारखी. त्यात ही एकटी बाई. पुढे सगळे मोबाइलवरच खरेदीविक्री करू लागले आणि त्या ऑफिसातला पडदा निघाला. अक्काने मोबाइलवर करून पाहिलं आणि आठवड्यात सोडलं. ‘त्यांत एकच दिवा दिसतो रे वासू,’ ती म्हणाली, ‘बोर्ड दिसत नाहीं.’ ट्रंक एक्स्चेंजमध्ये तिच्यासमोर दिव्यांची अख्खी भिंत असे. कुठला दिवा लागला, कुठला विझला, कुठला लागायच्या बेतात आहे, हे एका नजरेत बघायचं तिला वळण. एका पडद्यावर एक कंपनी, ती बंद करून दुसरी, हे तिला खिडकीच्या फटीतून लग्न बघण्यासारखं वाटायचं.

त्या दसऱ्याला मुरलीने तो प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा मी तिथेच कॉफी पीत होतो. अक्का शांतपणे म्हणाली की मी घरातच एक्स्चेंज बांधणार आहे, रोज बाजार बघणार आहे, हे माझं काम. मुरली हिशेबतपासनीस असल्यामुळे असल्या घरगुती बाजारांची अखेर त्याने पुष्कळदा पाहिली होती. पण आईला सरळ नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. तो म्हणाला, ठीक आहे, एक वर्ष करून बघ. पुढच्या दसऱ्याला मुद्दल शाबूत असेल तर बंगळुरूचं नाव मी पुन्हा काढणार नाही. मुद्दलाला धक्का लागला तर मात्र सामान बांधायचं. तो हे थोडं हसत म्हणाला. अक्का हसली नाही. ती म्हणाली, ‘सरी, ठरलं. वासू साक्षी आहे.’

एक्स्चेंज तिने कसं बांधलं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढे सगळ्या गल्लीला ती ते पुनःपुन्हा सांगायची: ‘एका पट्टुसाडीच्या किमतीत.’ ती रेशमी साडी किती महागाची, ते श्रोत्याच्या ऐपतीप्रमाणे बदलायचं.

आमच्या कोपऱ्यावर सेल्वम नावाच्या गृहस्थाचं ब्राउझिंग सेंटर होतं. सगळ्यांच्या खिशात फोन आल्यावर ते बसलं, आणि त्याच्याकडचे पडदे माळ्यावर जाऊन पडले. अक्काने त्यातले चार निवडले. एकही दुसऱ्याच्या मापाचा नव्हता, एक तर सगळं जग काविळीत दाखवायचा. सेल्वमने आधी तिला रंगीत दिवे लागणारं काचेचं कॅबिनेट दाखवलं. ती म्हणाली, ‘हें देवळाच्या उत्सवाला द्या.’ मग कुठल्यातरी कंपनीने मोडीत काढलेला ऑफिसचा संगणक चेन्नईहून मागवला, अरुंद, काळा, पुस्तकासारखा उभा राहणारा. त्याची मेमरी वाढवली, जुनी डिस्क काढून वेगवान घातली. राहिलं ते चार पडदे जोडायचं कार्ड. सेल्वम तिला महागडं, पंखेवालं कार्ड घ्यायला सांगत होता, मुलं खेळ खेळतात तसलं. अक्काचं उत्तर मला तोंडपाठ आहे: ‘मला खेळायचं कार्ड नको. बघायचं पाहिजे.’ शेवटी जुन्या मालातून चार तोंडांचं, बुटकं, बिनपंख्याचं एक कार्ड मिळालं. ते त्या अरुंद पेटीत बसलं तेव्हा तिने त्याला पेढा दाखवल्यासारखं केलं आणि पेढा मला दिला.

तीन पडदे लागले, चौथा लागेना. सेल्वम म्हणाला पडदा गेला. अक्काने तोच पडदा दुसऱ्या तोंडाला लावला, तो पेटला. मग वायर बदलली, मग टोकाचा जोडतुकडा. निघालं असं की स्वस्तातले जोडतुकडे तिनेच हट्टाने घेतले होते, आणि त्या कार्डाला चौथ्या पडद्यासाठी जरा चांगल्यातला लागत होता. ‘दोष लाइनींत निघाला,’ ती गंभीरपणे म्हणाली. दोष कुणाच्या निवडीत निघाला हा प्रश्न मी विचारला नाही. पुढच्याच आठवड्यात इडलीचं पीठ वाटायला तिने ग्राइंडर त्याच विजेच्या बोर्डावर लावला आणि सगळं एक्स्चेंज एकदम काळोखात गेलं. याचं खापर तिने वीजमंडळावर फोडलं, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप एक यूपीएस आणला.

आता पडदे ठेवायचे कशावर? टेबलावर दोन मावत होते, आणि एकावर एक टांगायच्या लोखंडी हातांची किंमत ऐकून तिने सेल्वमला पाणी विचारलं. घरात होत्या कोलूच्या पायऱ्या. आमच्याकडे नवरात्रात लाकडी पायऱ्या लावून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. दसरा झाला की बाहुल्या पेटीत आणि पायऱ्या मोडून माळ्यावर जातात. त्या वर्षी अक्काने पायऱ्या मोडल्याच नाहीत. जिथे देवादिकांनी बसायचं तिथे खाली दोन, वर दोन असे पडदे बसले. मान न वळवता चारही दिसायचे. बायका नाकं मुरडू लागल्या तेव्हा ती म्हणाली, ‘नऊ दिवस देवांचे. बाकीचे दिवस पायऱ्या रिकाम्या कसाला ठेवायच्या?’

असं तिचं काम सुरू झालं. सकाळी आंघोळ, कॉफी, चमक्या पुसून बाजार उघडायच्या आधी खुर्चीत. मला वाटलं होतं, महिनाभरात हिचा निकाल लागेल. लागला नाही. याचं कारण ती फार हुशार होती असं नाही. ती फार थोडं करायची. दिवसभर बघायची आणि क्वचित एखादा सौदा. ‘काम म्हणजे बघणं, वासू. हात लावणं हें मध्ये मध्ये.’ आणि दुपारी बाजार बंद व्हायच्या आत सगळे सौदे मिटवायची. पाळी संपताना बोर्डावर एकही कॉल अडकलेला ठेवून उठायचं नाही, हा एक्स्चेंजचा नियम. तिने कमावलं असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. पण मुद्दल शाबूत होतं, आणि तिला काम होतं. मी दुपारी तिच्याकडे जाऊन मागच्या खुर्चीत वाचत बसायचो. ती पडद्यांकडे बघत, मी पुस्तकात. तासन्‌तास कुणी बोलायचं नाही. माझी बायको गेल्यानंतर मला कुणाच्या शेजारी इतकं निवांत बसता आलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने तिचा सत्कार केला. मंडळ म्हणजे वर्षातून एकदा फेटा बांधणारे लोक. समाजातली पहिली महिला गुंतवणूकदार वगैरे बरंच काही अध्यक्ष बोलले, शिवकाळापासून सुरुवात करून. शाल घातली, माइक हातात दिला. अक्काने मान कलती करून विचारलं, ‘मागे ऐकूं येतं?’ मागून होकार आला. ‘मग जेवायला चला,’ ती म्हणाली आणि उतरली. त्या व्यासपीठावर मी ऐकलेलं ते सर्वांत बरं भाषण.

मग नवरात्र आलं. बाहुल्या पेटीतून निघाल्या, पण पडदे काही पायऱ्यांवरून हलले नाहीत. खालच्या दोन पायऱ्या पडद्यांच्या, वरच्या देवांच्या, असा तह झाला. धान्याची पोती मांडून बसलेला वाणी आणि त्याची बायको ही बाहुल्यांची जोडी प्रत्येक कोलूत असते. ती तिने मुद्दाम पडद्यांच्या शेजारी बसवली. बायका संध्याकाळी हळदीकुंकवाला यायच्या, गाणं म्हणायच्या, द्रोणातून सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, न्यायच्या. तोवर पडदे विझलेले असत. एरवी दिवसा तिचं काम चालूच होतं.

अष्टमीला दुपारी मी गेलो तर ती खुर्चीत ताठ बसली होती. तिने असा एक सौदा केला होता, ज्यात थोडी रक्कम भरून मोठा माल धरता येतो. नेहमीपेक्षा मोठा. वर्ष संपत आलं होतं, मुरली दसऱ्याला यायचा होता, आणि मुद्दलावर चार पैसे अधिक दाखवावेत असा मोह तिला झाला असणार. भाव किंचित खाली होता. तोडला असता तर थोडं नुकसान झालं असतं, फार नव्हे. बाजार बंद व्हायला आला तरी तिने तो तोडला नाही. बोर्डावर कॉल अडकलेला ठेवून ती उठली, माझ्या पाहण्यात पहिल्यांदा.

मी विचारलं तेव्हा म्हणाली की उद्या खंडेनवमी, परवा दसरा, दोन्ही दिवस बाजार बंद. भाव जिथे आहे तिथेच बसेल. दसऱ्यानंतर बघूं. मला ते पटलं. तंजावूरमध्ये नवमीला पानाचं दुकानसुद्धा उघडं नसतं. जो तो आपली हत्यारं पुजतो. सुतार करवत, रिक्षावाला रिक्षा, आम्ही मास्तर लोक पुस्तकं. गंध, कुंकू लावून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि हा बाजार तर मुंबईचा. ‘आपल्याच लोकांचं गाव तें,’ अक्का म्हणाली, ‘खंडेनवमीला उघडं ठेवतील?’

नवमीला सकाळी तिने संगणकाला, चारही पडद्यांना, कीबोर्डाला आणि मोबाइललासुद्धा गंधाचे ठिपके दिले, वर कुंकू, वर झेंडूची फुलं. मोबाइल बंद करून वाण्याच्या बाहुलीपुढे ठेवला. मी माझी चार पुस्तकं तिच्याच पूजेत ठेवून घरी आलो. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफीला गेलो. ते मालकाने पूजेसाठी अर्धं उघडं ठेवलं होतं, आत टीव्ही चालू होता. पडद्याच्या तळाशी भाव धावत होते. मला वाटलं, कालचे असतील. पण ते बदलत होते. खाली जात होते.

मी परत गेलो. ती कोलूसमोर चटईवर बसून सुंडलसाठी खोबरं खवत होती. मी म्हणालो, ‘अक्का, बाजार उघडा आहे.’

तिने हात थांबवला नाही. ‘आज मुंबईला खंडेनवमी नाहीं?’

‘असेल. पण बाजार उघडा आहे. सुट्टी फक्त उद्या.’

‘नाहीं रे. नलिनी सांगायची, खंडेनवमीला आम्हीपण बोर्डाला हळदकुंकू लावतों. मला स्पष्ट आठवतं, नवमीलाच सांगिटलं होतं तिने, फोनवर.’

मी हे बोलायला नको होतं, पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला पुरावा दिसला की राहवत नाही. मी म्हणालो, ‘अक्का, नवमीला ती तुझ्याशी फोनवर बोलत होती. म्हणजे ती कामावर होती.’

आता हात थांबला. तिने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, पायऱ्यांकडे. म्हणाली, ‘होय की. आम्ही दोघी कामावर होतों.’

मी म्हणालो की मी हात लावतो, माझा कुठे देवावर विश्वास आहे. ती नको म्हणाली. मी माझा फोन पुढे केला, दलालाला नुसतं तोंडी सांग, सौदा तोड म्हणून. तेही नको. मी तिला मुरलीची आठवण करून दिली. मुद्दलाची, बंगळुरूची, सगळ्याची. मला वाटतं माझा आवाज चढला असावा, कारण तिने खोबऱ्याचं ताट बाजूला सरकवलं आणि मला बस म्हणाली.

‘मला माहीत नाहीं असं वाटतं तुला? ऐक. इतकी वर्षं आम्ही बोर्डाला गंध लावलं आणि त्याच ओल्या गंधावर हात ठेवूनु कॉल लावले. कुणाचा बाप वारला, कुणाला मुलगा झाला, त्यांना कुठली नवमी? सुताराने करवत ठेवली. तुझ्या बाबांनी पुस्तकं ठेवली. मी कधी ठेवलं नाहीं. यंदा पहिल्यांदा माझं हत्यार मी खाली ठेवलं आहे, वासू. आज तें उचलणार नाहीं. तुझ्या हाताने उचललं तरी हात माझाच.’

तिला मी आयुष्यात देवाला घाबरताना पाहिलं नाही, आणि त्या दिवशीही ती घाबरलेली नव्हती. मी तिथेच बसून राहिलो. पडदे विझलेले, त्यांवर गंध वाळत होतं, आणि त्यांच्यामागे कुठेतरी तिचं घर तिच्या हातून जात होतं. ती खोबरं खवत होती. संध्याकाळी बायका आल्या. एकीने पडद्यांकडे बोट दाखवून विचारलं, आज काम नाही वाटतं? अक्का म्हणाली, ‘आज सुट्टी,’ आणि तिच्या हातावर मूठभर जास्त सुंडल ठेवलं.

दलालाच्या ऑफिसने तिला फोन केले होते, बंद फोनवर. भरलेली रक्कम अपुरी पडल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे सौदा स्वतःच तोडला होता. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा झाल्यावर, गंध पुसून फोन चालू केल्यावर कळलं. मुद्दलाला खिंडार पडलं होतं. बुडाली नव्हती ती, पण धक्का लागायचा तो लागला होता.

मुरली सकाळच्या गाडीने आला. त्याने चपला काढायच्या आत अक्काने त्याला सांगून टाकलं. नवमीचं, सुट्टीचं, नलिनीचं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की मुद्दल शाबूत नाही. मी ते सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कॉफी प्यायलो.

मुरली भला माणूस. त्याचा चेहरा एवढासा झाला. तो म्हणाला, ‘अम्मा, सोड तें. मी तें असंच म्हटलं होतं.’

‘मी असंच म्हटलं नव्हतं,’ अक्का म्हणाली.

त्यानंतर त्याने पुष्कळ विनवण्या केल्या. इतकी वर्षं तिला चल म्हणणारा मुलगा तिला राहा म्हणत होता आणि ती पेटीत बाहुल्या जुन्या धोतरांत गुंडाळून ठेवत होती. मीही दुपारी, तो झोपला असताना, तिला म्हणालो की अक्का, जाऊ नकोस. ती वाण्याची बायको गुंडाळत होती. म्हणाली, ‘शब्द मोडून राहिलें तर हें घर माझं नाहीं, त्याने दया म्हणून दिलेलं. मग बंगळूरच बरं, तिथे निदान तें त्याचंच आहे.’ आणि ती बाहुली पेटीत ठेवत, ‘तुझ्यासाठी राहिलें तर गल्लीला वर्षभर पुरेल बोलायला, प्रोफेसर.’ आम्ही दोघंही हसलो. हसायचं ते ठिकाण नव्हतं.

पडदे सेल्वमने नेले. एक कार्तिकात पुन्हा कुणाच्या तरी दुकानात बिल करायला लागलेला दिसला, तो काविळीचा. घर तिनेच विकायला लावलं. रिकामं घर ठेवूं नको म्हणाली. मुरलीने बंगळुरूला तिला एक भला मोठा, कमानदार, नवाकोरा पडदा घेऊन दिला. ती मला म्हणाली, ‘एवढा मोठा आहे, त्यांत बघूं काय?’ बाजार तिने पुन्हा लावला नाही.

त्याऐवजी तिने मला लावलं. रोज सकाळी, बाजार उघडतो त्या सुमारास, तिचा फोन यायचा. मी बाहेरच्या ओट्यावर उभं राहून गल्ली सांगायची. नळाला पाणी आलं का, कुणाच्या दारात रांगोळीचं कोलम काढलेलं नाही, पोस्टमन सायकलवर आहे की चालत. मी आळशीपणाने काही सोडलं तर तिला बरोबर कळायचं. ‘फुलवाली आली कां?’ आली. ‘टोपली कुठल्या खांद्यावर?’ डाव्या. ‘मग उजवा परत दुखतो तिचा. तेल लाव म्हणूनु सांग.’ मी सांगायचो. फुलवाली म्हणायची, अम्माला तिथून कसं दिसतं? मी आयुष्यभर वर्गाला जुन्या लढाया सांगितल्या, समोरच्यांनी जांभया दिल्या. आमच्या गल्लीतली एक सकाळ इतकं कान देऊन ऐकणारं माणूस मला एकच मिळालं. तिने एकदाही म्हटलं नाही की तिला तिथे करमत नाही. मीही विचारलं नाही. फोन ठेवताना म्हणायची, ‘सरी, उद्या.’

पुढच्या वर्षी ऐप्पशीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात तिला ताप आला, आणि मुरलीचा फोन आला तेव्हाच मला समजलं, कारण तो दुपारी आला. अस्थी त्याने तिरुवैयारूला कावेरीत सोडल्या. मी गेलो होतो. मंडळाचे अध्यक्षही आले होते, फेटा न बांधता, हे मला बरं वाटलं.

त्याला आता बरेच महिने झाले. सकाळी त्या वेळेला मी अजून ओट्यावर जातो. समोरचं घर नव्या मालकाने पाडलं नाही, फक्त असा एक रंग दिला आहे की त्याचं वर्णन करायला अक्काच हवी. आज सगळ्या दारांत कोलम होतं. पोस्टमन चालत आला. फुलवालीने टोपली उजव्या खांद्यावर घेतली होती, म्हणजे खांदा बरा झाला. ती माझ्यासमोर थांबली. मी तिच्याकडून हातभर मोगरा विकत घेतला. माझ्या घरी तो माळणारं कुणी नाही, हे तिला माहीत आहे. तिने तो मापून, पानात बांधून दिला.